पाठमोऱ्या काकू

जुळे सोलापुरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या काकू मूळच्या वळसंगच्या. माझ्या बाळंतपणात त्या रोज शेपूची भाजी आणि भाकरी डब्यातून आणायच्या, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या नाहीत. मी बाळाला पाजायला घेतलेलं दिसलं की लगेच पाठ करून उभ्या राहायच्या आणि भिंतीशी बोलल्यासारखं विचारायच्या, "लागलं का गं अंगावर?"

माझी बोंडं आत ओढलेली. बाळ तोंड लावायचं, सुटायचं, रडायचं. त्या रोजच्या प्रश्नाचा मला संताप यायचा.

शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलं, नुसतं बोंड नाही, भोवतीच्या काळ्या भागासकट छाती बाळाच्या तोंडात द्यायची. दुसऱ्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या तेव्हा बाळ घटाघटा पीत होतं.

"काकू, लागलं की! बोंडं आत असली तरी लागतं."

त्या पहिल्यांदाच वळल्या. कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"माजी बी अशीच व्हती," म्हणाल्या. "सासू म्हनली, असल्या छातीला पोर लागत न्हाय. वरचं दूध घातलं. न्हाय टिकलं पोर. म्हनून तुज्याकडं बघत नव्हते, माजी नजर नको."

मग पदर सावरत हळूच म्हणाल्या, "म्हंजी, लागलं असतं की."

त्यानंतरही डबा रोज यायचा. बेल वाजायची, मी दार उघडायचे, तर डबा खाली ठेवलेला आणि समोरचं दार बंद.