मागच्या सीटवरून मिळालेली परवानगी

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं, की मी उठून चहा टाकायला जायचे. लॅबमध्ये काम करणारी बाई मी. जे मोजता येतं तेवढंच खरं मानायचं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

मी इंदापूरची. बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध कंपनीच्या लॅबमध्ये होते. रोज माझ्या गाडीनं जाऊन-येऊन. गेल्या उन्हाळ्यात कंपनीत चोऱ्या वाढल्या म्हणून नियम आला — पार्किंगमधली कुठलीही गाडी सिक्युरिटीवाले केव्हाही तपासणार. मालक समोर हवा की नको, यावर नियम गप्प. मी एचआरच्या साहेबांना विचारलं, तर हसून म्हणाले, "लपवण्यासारखं नसेल तर भीती कशाला, मॅडम?"

होतं लपवण्यासारखं. आईच्या कॅन्सरच्या आजारपणात माझी झोप गेली, आणि मी पुण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायला लागले. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. फक्त आईला माहीत. फाईल गाडीतच ठेवायचे. होळीच्या आधी आई गेली, गोळ्या चालूच राहिल्या.

एका मंगळवारी दुपारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझी फाईल — उघडलेली.

"असल्या गोळ्या घेता, हे कळवायला नको?"

वर एक मेमो. कंपनीच्या आवारात विनापरवाना बाहेरची व्यक्ती आणल्याबद्दल!

"कुठली व्यक्ती?"

गेटवरचे तात्या दारातच उभे होते. वरकुट्याचे, साठीला आलेले, सरळ माणूस. "म्याडम, तुमच्या गाडीत मागं म्हातारी बसली हुती न्हवं? मी म्हनलं, गाडी बघायची हाय. तर तिनंच दार उघडलं. म्हनली, बघा बाबा, किती दिवस लपवायची ती फाईल!"

"दिसायला कशी होती?"

"डोक्याला पंचा गुंडाळलेला... आन् भुवया न्हवत्या तिला."

आईच्या भुवया केमोत गेल्या होत्या. तात्यांनी तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. गाडीची चावी माझ्या ॲप्रनच्या खिशात होती, आत्ताही हाताला लागत होती.

मी हट्टानं सीसीटीव्ही बघायला लावला. तात्या मागच्या काचेशी वाकतात, काहीतरी ऐकतात, मान हलवतात. दार आतून उघडतं. सीटवर नुसतं ऊन.

साहेबांनी मेमो मागे घेतला.

"म्हणजे गाडीत कुणी नव्हतं, बरोबर?" मी म्हटलं. "मग परवानगी कुणी दिली?"

"तुम्ही लॉक करायला विसरला असाल."

"आणि फाईल वाचायला कुणी सांगितलं?"

त्यांनी स्क्रीन बंद केला.

पुढच्याच आठवड्यात मला लॅबमधून काढून स्टोअरला टाकलं. 'तब्येतीची काळजी' म्हणे. कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी कुणी बसेना. नवऱ्याला गोळ्यांचं कुणाकडून तरी बाहेरूनच कळलं. तो अजूनही नीट बोलत नाही. तात्या एकदा हात जोडून म्हणाले, "मला वाटलं घरचंच मानूस हाय, पोरी..."

त्यांच्यावर राग नाही माझा.

दार कसं उघडलं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. ज्या दोघी-तिघींना सांगितलं, त्या म्हणतात, आई काळजीपोटीच आली असेल. असेलही. जिवंतपणीही तिचं हेच चालायचं — सांगून टाक, मोकळी हो.

पण मला न विचारता माझी गाडी उघडणाऱ्यांत तीही होती. याची तक्रार मी कुणाकडे करू?