खिडकीतली हिरवी दोरी

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, साहेबांना न्हाई. जांबच्या देवळात दर्शनाला गेल्तो, तिथं हात जोडून उभा राह्यलो, तव्हा देवालाही न्हाई — लेकरांना सुखी ठेव म्हणलं आन् निघालो. आता तुम्हाला सांगू राह्यलो. कामून तुम्हालाच? तुम्ही मला ओळखत न्हाई, म्हणून. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यात बघून हे बोलायची माझी छाती न्हाई.

आधी माझं काम सांगतो. वाटूरच्या पलीकडं आमच्या माळावर विमानाची एक छोटी धावपट्टी आहे. तिथं लोक विमानातून उड्या मारायला येतात — पुण्याचे, हैदराबादचे, संभाजीनगरचे. ते त्याला ड्रॉप झोन म्हणतात, आमच्या गावात म्हणतात छत्रीवाल्यांचा माळ. मी तिथं छत्र्या भरतो. म्हणजे माणूस खाली आला की पॅराशूटचा सगळा पसारा झालेला असतो. तो झटकायचा, दोऱ्या मोकळ्या करायच्या, कापडाच्या घड्या घालून पिशवीत भरायच्या, आन् ती पिशवी पाठीवरच्या बॅगेत बंद करायची. पुढचा माणूस तीच बॅग पाठीला लावून दहा हजार फुटांवरून उडी घेतो. मी कोण? मेंढरामागं फिरलेला धनगराचा माणूस. पण फौजेतून रिटायर झालेले आमचे साहेब — झोन त्यांचाच — त्यांनी माझा हात बघितला आन् मला ठेवून घेतलं. आता नवे लोक मला मास्तर म्हणतात. हे मास्तर ऐकायला लई गोड लागतं, खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट समजून घ्या, न्हाई तर पुढचं कळायचं न्हाई. मोठी छत्री आपोआप उघडत नसते. एक छोटी छत्री असते, आम्ही तिला पिल्लू म्हणतो. उडी घेणारा ते पिल्लू हातानं वाऱ्यात फेकतो, ते फुगतं आन् मोठीला ओढून बाहेर काढतं. पण एकदा मोठी उघडली की पिल्लू मिटून जातं, म्हणून भरताना दर वेळी आतली दोरी ओढून ते परत ताणावं लागतं. ताणलं की पिल्लाला मोठीशी जोडणाऱ्या पट्टीवरच्या बारक्या खिडकीत हिरवी दोरी दिसते. हिरवं दिसलं तर बराबर. न्हाई दिसलं तर ते पिल्लू वाऱ्यात चिंधीसारखं फडफडत राह्यतं, काही ओढत न्हाई. दोन सेकंदाचं काम. ओढायचं आन् बघायचं.

आता रुचिताताईचं सांगतो. जालन्याची, मारवाड्याची पोरगी. घरचं बियाण्याचं मोठं दुकान. दर शनिवारी सकाळी स्कूटीवर यायची, घरच्यांचा विरोध असूनही यायची. बाप म्हणायचा, आपल्यात पोरी असलं करत न्हाईत. ती म्हणायची, मंग मी करते, पुढच्यांना सोपं जाईल. तिला शिकवणारी व्हायचं होतं — आपल्या जिल्ह्यातल्या पोरींना उडी शिकवायची. त्याच्यासाठी अजून पुष्कळ उड्या पुऱ्या करायच्या होत्या. विमानात बसायच्या आधी सगळ्यांच्या तोंडाला कोरड पडते, ही मात्र आमच्या शेडात बसून भाकरी-ठेचा खायची. माझ्या डब्यातला. तिखट लागलं की डोळे पुसत हसायची आन् परत मागायची. मला भाऊ म्हणायची.

त्या दिवशी — हे सांगायला मला लई वेळ लागू राह्यला, माहीत आहे — त्या दिवशी शेडात गर्दी होती. संभाजीनगरहून आलेला एक पाहुणा मोबाइल धरून उभा होता. कुणीतरी त्याला सांगितल्तं, आमचे मास्तर डोळे झाकून छत्री भरतात. तो म्हणला, बघू, टाइम लावतो. मला काय सुचलं? चाळिशी ओलांडलेला माणूस मी, पोराबाळांचा धनी! पण लोक गोळा झाले, कुणी शिटी मारली, आन् मी उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. असा सुटलो, असा सुटलो! घड्या घालता घालता मोबाइलकडं बघून हसलो पण. बॅग बंद केली तव्हा टाळ्या पडल्या.

ती बॅग रुचिताताईची होती.

पिल्लू ताणलं न्हाई. खिडकी बघितली न्हाई.

आन् इथंच थांबलं असतं तरी धकलं असतं, कारण आमच्या झोनवर रीत आहे — विमानाकडं जायच्या आधी दुसऱ्या माणसानं पाठीवरची बॅग तपासायची, खिडकी बघायची, आन् मंग पाठीवर दोन थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे सगळं बराबर. ती माझ्याकडं पाठ करून उभी राह्यली. भाऊ, बघा बरं, म्हणली. माझं ध्यान कुठं? तो पाहुणा मला व्हिडिओ दाखवू राह्यला होता. मी मोबाइलमध्ये बघत बघत तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या. बिलकुल बराबर ताई, म्हणलं. जल्दी जा, विमान थांबलंय.

आमच्याकडं खालून बघणाऱ्याला रंगावरून कळतं. तिची मोठी छत्री पिवळी-निळी. मी वर बघत होतो. बाकीच्यांच्या उघडल्या, एक, दोन, तीन. चौथी दिसना. ठिपका खाली येऊ राह्यला, येऊ राह्यला. साहेब ओरडले, रिझर्व! रिझर्व खोल पोरी! तिला तिथं काय ऐकू येणार? आन् मंग लई खाली, बाभळीच्या वर जरा, पांढरं काहीतरी फाडकन उघडलं. पांढरी म्हणजे रिझर्व, जिवासाठी ठेवलेली दुसरी छत्री. पोरगी वाचली. पण इतक्या खाली उघडली की ती तुरीच्या रानात जोरात आदळली.

मी गाडीला किक मारली. सगळ्यांच्या आधी मीच पोहोचलो. ती पडलेली, पांढरी पडलेली, घोटा उलटाच झालेला. भाऊ, म्हणली, आन् रडायला लागली. पिल्लू अन् त्याची पट्टी तिच्या मागं तुरीत अडकलेली. मी खिडकी बघितली. रिकामी. हिरवं कुठंच न्हाई.

मी आधी काय करायला पाहिजे होतं? तिचं डोकं मांडीवर घ्यायचं होतं. पाणी पाजायचं होतं. मागून साहेबांची जीप येऊ राह्यली होती, धूळ दिसत होती. मी तिच्या पाठीमागं गेलो — ती कण्हत होती, तिला दिसत नव्हतं — आन् ती दोरी ओढली. खिडकीत हिरवं आलं. मंग तिच्यापाशी येऊन बसलो, आन् हात धरला.

साहेबांनी सगळं सामान तपासलं. पिल्लू ताणलेलं, घड्या बराबर, पिना बराबर. मास्तरचं काम चोख, म्हणले. मंग राह्यलं काय? राह्यली पोरगी. तिचा हात कमी पडला, पिल्लू तिनं जोरात फेकलं न्हाई, तिच्याच पाठीमागं, वारा न लागणाऱ्या पोकळीत अडकलं — असं होत असतं, नवखे घाबरतात. साहेबांनी सगळ्यांसमोर फळ्यावर चित्र काढून समजावलं. मी शेडाच्या खांबाला टेकून ऐकत होतो. चूक कशी टाळायची ते त्यांनी मलाच विचारलं, आन् मी उत्तर दिलं!

पुढं मी मनाला काय काय सांगितलं. खरं बोललो असतो तर झोन बंद पडला असता, दहा घरांची चूल त्याच्यावर आहे. हे खरं आहे. पण त्या तुरीत दोरी ओढताना माझ्या डोक्यात दहा घरं नव्हती. मी होतो. मास्तर होता.

आमच्या झोनवर रिझर्ववर वाचलेला माणूस पेढे वाटतो, पहिला पेढा रिझर्व भरणाऱ्याला, म्हणजे साहेबांना; रिझर्व तेच भरतात. रुचिताताई कुबड्या घेऊन आली. साहेबांना पेढा दिला, पाया पडली. मंग माझ्याकडं आली. भाऊ, तुम्ही एवढी नीट भरून दिल्ती, मीच वाया घालवली, म्हणली. आन् पेढा माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला. चांगला होता.

तो व्हिडिओ अजून फिरतो. कुणी कुणी कौतुकानं मलाच पाठवतं. माझा जीव नुसता टांगणीला — एखाद्या जाणकारानं तो मधीच थांबवला आन् नीट बघितला तर? फोन वाजला की अजून दचकतो. रात्री झोप लागती, हेच नवल.

पण हेही सगळं न्हाई. सांगायचं होतं ते अजून राह्यलंय.

घोटा बरा झाला, वर्ष उलटलं. साहेब मोठ्या मनाचे, त्यांनी तिला निरोप धाडला, ये परत, पहिल्यापासून शिकवतो. ती आली. विमान वर गेलेलं होतं, शेडात दोघंच होतो. जमिनीवर माझ्यासमोर बसली, लई वेळ नुसती छत्रीच्या कापडावरून हात फिरवत राह्यली. मंग म्हणली, “भाऊ, एक विचारू? तुम्ही सगळ्यांच्या आधी आल्ते माझ्याजवळ. मला अजून आठवतं, मी जोरात फेकलं होतं. हाताला आठवतं. पण सगळे म्हणतात न्हाई. मला येड लागल्यासारखं झालंय — माझ्या हातावर भरवसा ठेवू का नको? तुम्ही खोटं बोलणार न्हाई. माझाच हात कमी पडला ना?”

शेडात कुणी नव्हतं. जीप येत नव्हती. माझ्याकडं पाहिजे तेवढा वेळ होता. एक शब्द बोललो असतो तर ती पोरगी तिथल्या तिथं उठून बॅग पाठीला लावती.

“हो ताई,” मी म्हणलं, “हातच कमी पडला.” तिच्या डोळ्यात बघून म्हणलं.

तिनं मान हलवली. बरं झालं विचारून घेतलं, म्हणली, आन् कपडे झटकून उठली. तिनं त्यानंतर उडी मारलेली न्हाई.