बाईंचा त्रिभुज प्रदेश

"थांबा! पाय नका देऊ तिथे!"

जळगावच्या शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी मला हे ऐकू आलं आणि मी एक पाय हवेत धरून उभा राहिलो. वाटलं, साप असणार. खाली बघतो तर सापबीप काही नाही. नळाखालचं पाणी अंगणातल्या मातीतून वाहत आलं होतं आणि उतार संपला तिथे तळहाताएवढा चिखल पसरवून बसलं होतं. समोर एक ठेंगणीशी बाई, पदर कमरेला खोचलेला, हातात खडू. "आत्ताच झालाय," त्या म्हणाल्या, "नववी ‘अ’ला दाखवायचाय. वळसा घालून जा."

या आमच्या भूगोलाच्या बाई. चिखलाला वळसा घालूनच आमची ओळख झाली, आणि पुढची सगळी वर्षं मी त्यांच्या कुठल्या ना कुठल्या चिखलाला वळसाच घालत होतो.

मी चित्रकलेचा शिक्षक. मूळचा दोंडाईच्याचा. आमच्याकडे तेव्हा चिखलाला चिखलच म्हणायचे. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं. "बाई, हाई चिखल शे!" बाई जवळच्याच असोद्याच्या, शेतकऱ्याघरच्या. शाळेत बोलणं अगदी पुस्तकातलं, पण डिवचलं की माहेर जिभेवर यायचं. "चिखल आसीन तुमच्या दोंडाईच्याले! हा त्रिभुज प्रदेश आहे," त्यांनी एका दमात दोन्ही भाषांत सांगितलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पाणी पळतं तोवर ओझं वाहतं. दम संपला की टाकतं." त्रिभुज प्रदेश म्हणजे एवढंच, असं त्यांचं म्हणणं. नदी डोंगरापासून माती उचलून आणते, समुद्रापाशी तिचा वेग मरतो, मग ती हातातलं सगळं तिथेच खाली ठेवते. ठेवता ठेवता स्वतःचीच वाट अडवते, म्हणून फाटे फोडते. हे वाक्य त्या माणसांनाही लावायच्या. बाजारातून पिशव्या घेऊन आलेली शेजारीण ओट्यावर पिशव्या टाकून मटकन बसली की म्हणायच्या, "झाला बघा त्रिभुज."

पुढचा धडा प्रकारांचा. "त्रिभुज प्रदेशाला तीन मालक. नदी, लाट आणि भरती. ज्याचा जोर जास्त, त्याचा आकार." नदीचा जोर असला तर चिखल बोटं काढत समुद्रात घुसतो, कोंबडीच्या पायासारखा. लाटा भारी पडल्या तर त्या सगळी बोटं घासून कड गोल करतात. भरती-ओहोटीचं राज्य असेल तर मातीच्या लांबट पट्ट्या होतात आणि मधून पाणी आतबाहेर करत राहतं. हे सगळं फळ्यावर काढायचं काम अर्थातच माझं. बाई मागे उभ्या राहून सूचना द्यायच्या. "सर, कोंबडीचा पाय म्हटलं मी. हा बदकाचा झाला."

मग तीन मालकांची ही वाटणी शिक्षकांच्या खोलीतही सुरू झाली. मुख्याध्यापक लाटेचे, कुणाचंही टोक वर आलं की घासून गोल करायचे. शिपाई नदीचा, एकदा बोलायला लागला की पुढेच. आणि मी भरतीचा. "येतात, जातात, मागे काही राहत नाही," असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. मी आठवडाभर रुसलो होतो. ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, आपली तापी कोणत्या प्रकारात?" बाईंचा चेहरा उतरला. तापी त्रिभुज प्रदेश करत नाही. समुद्राला मिळते तिथे भरती-ओहोटीची ओढ अशी जबर की आणलेला गाळ राहतच नाही, म्हणून नुसती खाडी. बाईंनी हे सांगितलं, पण लेक नापास झाल्याचं आईने सांगावं तसं. वर पुस्तीही जोडली, "माती आणण्यात ती कुठे कमी पडत नाही. ठेवू देत नाहीत तिला."

तापीची ही उणीव त्यांनी गावातल्या मेहरूण तलावावर भरून काढली.

बाईंचं घर मेहरूणलाच. यजमानांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून दोघं पहाटे तलावाच्या काठाने चालायचे. एका कोपऱ्यात एक नाला तलावाला मिळतो. तिथे उन्हाळ्यात पाणी उतरलं की सुपाएवढा गाळ उघडा पडलेला त्यांना दिसला. समुद्र नाही, भरती नाही, पण नाला आहे, गाळ आहे आणि वाऱ्याने उठणाऱ्या लाटाही आहेत. बाईंना आणखी काय हवं? दर उन्हाळ्यात त्या गाळाची कड जिथवर आली असेल तिथे यजमान खुंट्या ठोकायचे आणि बाई चुन्याची रेघ मारायच्या. नववीचा वर्ग दरवर्षी तिथे जायचा. जळगावच्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, मुलं खरा त्रिभुज प्रदेश बघायची. मीही जायचो, कारण बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती.

आता जळगावात मोकळ्या जागेवर खुंट्या आणि चुना दिसला की लोकांना एकच गोष्ट सुचते. एका सकाळी शेजारचे कापड दुकानवाले शेठजी काठी टेकत आले आणि हळूच म्हणाले, "बाईजी, कोपऱ्याचा प्लॉट गेला का?"

"कसला प्लॉट?"

"हा पूर्वेकडचा. मुलासाठी बघतोय."

बाईंना थट्टेची लहर आली. "शेठजी, हा दर पावसाळ्यात थोडा वाढतो."

शेठजींचे डोळे चमकले. "वाढतो? मग तर घेऊनच टाकू!"

त्यांची समजूत घालता घालता बाईंचा अख्खा धडा झाला. शेठजींनी तो शांतपणे ऐकला, शेवटी मान डोलावली आणि विचारलं, "पण कागदपत्रं क्लिअर आहेत ना?"

मग यजमान गेले. पाऊस नव्हता ते वर्ष. बाई दहा-बारा दिवसांनी शाळेत आल्या, नेहमीसारखा तास घेतला, नेहमीसारखं मला फळ्यावर बोलावलं. मात्र त्या उन्हाळ्यात खुंट्या ठोकायला मला घेऊन गेल्या. खुंटी माझ्याकडून वाकडी गेली. एरवी बोलल्या असत्या, त्या दिवशी तिथूनच चुन्याची रेघ मारायला लागल्या. त्यानंतर ते काम माझ्याकडे लागलं ते लागलंच. तो गाळ सुपाचा अंगणाएवढा झाला. बाई त्याच्याबद्दल बोलायच्या ते घरातल्या वाढत्या मुलाबद्दल बोलावं तसं. "यंदा तिसरा फाटा फुटलाय, सर. नाला जिंकतोय. पुढच्या वर्षी पाय स्पष्ट होईल."

ते पुढचं वर्ष त्यांच्या निवृत्तीचं होतं. आणि त्याच उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचं ठरलं. ज्याला हवा त्याने आपला ट्रॅक्टर आणून न्यावा. तलाव खोल होणार, शेतांना माती मिळणार. यात वाईट काही नव्हतं, हीच बाईंची पंचाईत. भांडायचं कुणाशी? त्या मला म्हणाल्या, "सर, तलाव भरत चाललाय हे मीच मुलांना शिकवते. त्रिभुज प्रदेश वाढतो म्हणजे तलाव मरतो. आता कुठल्या तोंडाने नको म्हणू?" मी आपला खडूचं टोक घासत बसलो.

त्यात माती मागायला पहिला आला तो त्यांचा धाकटा भाऊ, असोद्याहून. केळीची बाग त्याची. "आक्का, ही माती केयीले लय चांगली. तुले कायले पाहिजे ते? दुसऱ्यानं नेली त तुले बरं वाटीन का?"

बाईंनी त्याला चहा दिला.

खोदायच्या दिवशी मी बाईंच्या मागोमाग गेलो, न जाणो त्या जेसीबीपुढे आडव्या पडल्या तर. नाल्याच्या तोंडाशी भाऊ ट्रॅक्टर घेऊन उभा. बाई लांबच थांबल्या. पाठ फिरवून. जेसीबीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग मीच ओरडलो, "बाई, इकडे बघा!"

गाळ उभा कापला गेला होता आणि त्याचं पोट उघडं पडलं होतं. वर आडवे थर. त्याखाली तिरके, एकावर एक रेललेले. तळाशी पुन्हा आडवे, बारीक, काळे. मी फळ्यावर वर्षानुवर्षं काढलेलं चित्र, तसंच्या तसं. बाई धावत आल्या, सरळ खड्ड्यात उतरल्या. जेसीबीवाला ओरडला, "मॅडम, सरका!" बाईंनी त्याला हात केला, तो पोलिसाने करावा तसा. इंजीन बंद झालं.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमचं चित्र बरोबर होतं हो. मी आयुष्यभर पुस्तकातून शिकवलं. मला वाटायचं, हे तिरके थर सोयीसाठी काढत असतील."

मग त्यांनी मला शाळेकडे पिटाळलं. नववीचा वर्ग आला. बाईंनी खड्ड्यात उभं राहून तास घेतला. जाड थर दाखवला, तो मोठ्या पावसाचा. एकात प्लास्टिकच्या पुड्याच पुड्या निघाल्या, मुलं हसली. एका ठिकाणी मात्र नुसती दोऱ्यासारखी रेघ होती. त्यावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "या वर्षी पाऊस झाला नाही. नाल्याने काहीच आणलं नाही." बोट थोडा वेळ तिथेच राहिलं. भाऊ ट्रॅक्टरवरून खाली उतरला आणि उगाच चाकाजवळ जाऊन उभा राहिला. त्यालाही ते वर्ष माहीत होतं.

बाईंनी हात पदराला पुसले. "ने रे," त्या भावाला म्हणाल्या, "पण बठ्ठी तूच ने. दुसरीकडे नको जाऊ देऊ."

‘बठ्ठी’, म्हणजे सगळी, हा शब्द आमच्या दोंडाईच्याचा. माझ्याकडून कधी उचलला होता कुणास ठाऊक. मी मनातल्या मनात खूश झालो.

शेवटची ट्रॉली भरली तेव्हा बाई तिच्यावर चढून बसल्या. भाऊ म्हणाला, "आक्का, पडशीन!" बाई ऐकतात होय? गाळाच्या ढिगावर मांडी घालून, डोक्यावरून पदर घेऊन, त्या असोद्याच्या रस्त्याने गेल्या. निवृत्तीनंतर त्या तिकडेच राहायला गेल्या. भावाच्या केळीचा घड दरवर्षी माझ्याकडे यायचा. मागच्या वर्षी घड आला नाही, बाई गेल्याचं कळलं. मी असोद्याला जाऊन आलो. केळीच्या बागेत उभा राहून रडलो, लाजलो नाही.

परवा मेहरूणला नाल्याच्या तोंडाशी बसलो होतो. खणलेला खड्डा पुन्हा भरत आलाय आणि पुढे बोटभर गाळ पाण्याबाहेर आलाय. तिथे एक तरुण मुलगी धावता धावता थांबली. "काका, चक्कर येतेय का?" मी तिला म्हटलं, बस. आणि पाणी ओझं कुठे टाकतं, नदी जिंकली तर काय होतं, लाट जिंकली तर काय, हे सगळं तिला सांगितलं. काडीने चिखलात काढूनही दाखवलं. पोरीने मन लावून ऐकलं.

"तुम्ही भूगोलाचे सर होतात का?" तिने विचारलं.

"नाही गं, चित्रकलेचा. भूगोलाला आमच्याकडे एक बाई..." मी सुरुवात केली, आणि मग काडीने चिखलातल्या कोंबडीच्या पायाला आणखी एक फाटा काढत बसलो.