स्वयंभूरावांचे दात

"दाताचा रंग हा मताचा प्रश्न नाही. तो जसा आहे तसा आहे, मग तुम्हाला दिसो न दिसो," असं स्वयंभूराव एकदा एका दंतवैद्याला फोनवर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

आपटला नाही, ठेवला. आपटणं हा त्यांच्या मते शक्तीचा अपव्यय होता. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं की पेशंटला जरा पांढरा दात हवाय, तर द्या एक पांढरा करून, तुमचं काय जातं? स्वयंभूरावांचं म्हणणं, शेजारचे दात पिवळट असताना मधेच एक पांढरा बसवला तर ते तोंड खोटं बोलेल. आमच्या लॅबच्या मालकीणबाईंनी नंतर डॉक्टरांची अर्धा तास मनधरणी केली. स्वयंभूराव तोवर पुढचा दात करायला बसले होते.

आमची लॅब म्हणजे तीन खोल्या. पहिलीत मी. डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, त्यांत मी प्लास्टर ओततो, घट्ट झालं की साचा सोडवतो. माझ्या फळीवर ओळीनं जबडे मांडलेले असतात. माणसं नसलेली तोंडं. त्यांतलं एकही बोलत नाही, हे मला त्या जागेतलं सगळ्यात मोठं सुख वाटत आलंय. कारण मधल्या खोलीत स्वयंभूराव बसत.

त्यांच्या मागं, पाठीला पाठ लावून, ताई बसे. दोघांचं काम एकच: पोर्सिलेनची पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशनं दातावर थर चढवायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा थर. तिसरी खोली छोटी. तिथं भट्टी आणि उत्तरेची खिडकी. त्या खिडकीच्या उजेडात तयार दात डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या रंगाच्या नमुन्याशेजारी धरून रंग जुळतो का ते बघायचं. ज्यानं दात केला त्यानं तो तपासायचा नाही, दुसऱ्यानं तपासायचा, आणि जुळला नाही तर करणाऱ्याच्या टेबलावर परत ठेवायचा, असा नियम. नियम अर्थात स्वयंभूरावांचाच. दाताच्या डबीवर करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावायची, हाही त्यांचाच. ज्याचं काम त्याचं नाव.

स्वयंभू हे नाव मी ठेवलं. आईबापांचे उपकार, गुरूंचे उपकार, असलं काही निघालं की ते म्हणत, "मी माझ्यामुळं आहे." मी म्हटलं, मग तुम्ही स्वयंभूच. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "शब्द अचूक आहे." आता अशा माणसाची चेष्टा तरी कशी करायची?

तरुणपणी कधीतरी त्यांनी रद्दीतून एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, मुखपृष्ठ नसलेलं. तेव्हापासून ते वस्तुनिष्ठतावादी झाले. हे नाव उच्चारून होईपर्यंत माझा चहा निवतो. मथितार्थ असा: जग आपल्या इच्छेवर चालत नाही, ते आहे तसं आहे. डोकं वापरून ते समजून घ्यावं. प्रत्येकानं स्वतःसाठी जगावं, दुसऱ्याला स्वतःसाठी राबवू नये, आणि स्वतः दुसऱ्यासाठी बळी जाऊ नये. ऐकायला वाईट नाही. वाईट ते रोज ऐकायला.

ते कुणालाही नातं लावत नसत. मला सगळे मामा म्हणतात, ते म्हणत नसत. "तुम्ही माझ्या आईचे भाऊ नाही. नसलेलं नातं लावणं ही भेसळ आहे." ताईला ताई म्हणत नसत, मग हाक कशी मारायची? "अहो, ऐकलंत का?"

"काय हो हे," मी म्हणायचो. "बायको नवऱ्याला मारते तशी हाक मारताय."

ताई ब्रश तोंडाशी धरून हसायची. ते हसत नसत. विनोदाला त्यांचा विरोध नव्हता. फक्त तो आधी सिद्ध करावा लागे.

पण माणूस खरा होता, हे मला दातओठ खाऊन कबूल करावं लागतं. मालकीणबाईंचे यजमान होते तेव्हा ताईला स्वयंभूरावांपेक्षा कमी पगार मिळायचा, बाईमाणूस म्हणून. ताई गप्प. मी गप्प. स्वयंभूराव मात्र तिचा एक दात आणि आपला एक दात घेऊन मालकांपुढं गेले आणि म्हणाले, "यांतला बाईचा कुठला ते ओळखा. ओळखता येत नसेल तर पगार सारखा करा." झाला सारखा. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात मिळवती ती एकटी, वर अंथरुणाला खिळलेले सासरे. ती आभार मानायला लागली तर हे म्हणाले, "तुमच्यासाठी नाही केलं. चूक होती ती दुरुस्त केली." आणि पाठ फिरवली.

ती पाठ हेच पुढं दुखणं झालं.

गेल्या वर्षी कधीतरी स्वयंभूराव लॅबमधल्या दिव्यांना नावं ठेवू लागले. दिवे बदलले. मग नवे दिवे स्वस्तातले निघाले. घरचेही दिवे त्यांनी बदलले म्हणे, तेही सगळे स्वस्तातलेच निघाले. दरम्यान खिडकीपाशी तपासताना ताईला त्यांचे दात चुकलेले दिसायला लागले. कधी फटफटीत पांढरे, कधी चहात बुडवल्यासारखे. नियमाप्रमाणं तिनं ते परत ठेवायला हवे होते. ती ते तिसऱ्या खोलीतच दुरुस्त करू लागली. फिका असेल तर वरून रंगाचा हात देऊन पुन्हा भाजायचा, गडद असेल तर घासून सगळा थर नव्यानं. मग डबीत ठेवायचा, वर चिठ्ठी स्वयंभूरावांच्या नावाची.

मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला.

"अगं, सांगून टाक ना त्यांना!"

"सांगते हो मामा. आज नको."

तिचं 'आज नको' वर्षभर चाललं. त्यांना डोळ्यांचं सुचवून मी थकलो. "स्वयंभूराव, एकदा डोळे दाखवून या." "का? मला दिसतंय." "दिसतंय हो, पण बरोबर दिसतंय का?" "न दिसणाऱ्याला विचारायचा प्रश्न दिसणाऱ्याला विचारू नका." पालथ्या घड्यावर पाणी. जग आहे तसं बघावं म्हणून घसा कोरडा करणारा हा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हे सांगायचं कुणी? दोन कामं करून ताईचं स्वतःचं काम अर्ध्यावर यायला लागलं. ते मात्र त्यांना स्वच्छ दिसलं. "वेग कमी झालाय तुमचा," ते तिला म्हणाले. "कारण शोधा."

ती म्हणाली, "शोधते."

एकदा जेवणाच्या सुटीत मी त्यांना डिवचलं. म्हटलं, "समजा मी नदीत बुडतोय."

"पोहता येत नाही तर उतरलात कशाला?"

"समजा कुणी ढकललं."

"मग ढकलणाऱ्याला जाब विचारा."

"अहो, तोवर मी मेलो ना!"

"मला वाचवावंसं वाटलं तर वाचवीन. माझ्या मर्जीनं. पण ते माझं कर्तव्य आहे असा बोर्ड तुम्ही काठावर लावू नका."

ताई डब्याकडं बघत म्हणाली, "आणि कुणी मर्जीनं वाचवलं, पण बुडणाऱ्याला सांगितलंच नाही तर?"

स्वयंभूरावांनी घास खाली ठेवला. प्रश्न त्यांना आवडला होता. "न सांगता? मग त्याला वाटेल आपल्याला पोहता येतं. तो पुन्हा उतरेल, आणखी खोल. ते वाचवणं नव्हे. ती फसवणूक आहे, आणि दयाळू माणसं ती सगळ्यात जास्त करतात."

ताईनं डब्याचं झाकण लावलं. मला त्या दोघांचीही मानगूट धरून एकमेकांवर आपटावीशी वाटली. स्वयंभूरावांचं म्हणणं बरोबर होतं, हा आणखी वैताग.

मग डॉक्टरांनी स्वतःच्या दवाखान्यात यंत्रं घेतली. यंत्र तासाभरात दात कोरून देतं. रंग बरा असतो, 'बरा' बहुतेकांना पुरतो. आमचं काम ओसरलं. एका सकाळी मालकीणबाई मधल्या खोलीत येऊन स्टुलावर बसल्या. मलाही बोलावलं.

"दोघांपैकी एकालाच ठेवता येईल," त्या म्हणाल्या. "मला ठरवता येत नाहीये. आमचे हे गेल्यावर तुम्हीच लॅब सांभाळलीत."

"ठरवायचं काय आहे?" स्वयंभूराव म्हणाले. "कोण किती जुना, कुणाच्या घरी कोण आजारी, हे बाजूला ठेवा. काम बघा. मी रोज ट्रे भरून देतो. या अर्धा देतात. यांचा हात चांगला आहे, ते मी कधी नाकारलेलं नाही. पण वर्षभर यांचा उरलेला अर्धा पगार माझ्या कामातून निघतोय. दुसऱ्याच्या कष्टांवर जगणं हे त्यांच्याही मानाला शोभत नाही. यांनी जावं."

त्यांच्या आवाजात वैर नव्हतं. वजनकाटा बोलावा तसं ते बोलले. मी ताईकडं बघितलं. आज नको म्हणालीस तर याद राख, असं माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार.

ताईचे कान लाल झाले होते. ती उठली, ट्रेमधून एकाच नमुन्याचे दोन दात उचलले, एक तिचा, एक त्यांचा, आणि म्हणाली, "या इकडं."

"कुठं?"

"खिडकीपाशी या म्हणते ना!"

तिला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही चौघं त्या छोट्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिलो. तिनं दोन्ही दात तळहातावर ठेवून उजेडात धरले. एक नमुन्याशी तंतोतंत जुळणारा. दुसरा जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा. मालकीणबाईंनाही दिसलं, माझ्यासारख्या प्लास्टरवाल्यालाही दिसलं.

"यांतला वेगळा कुठला?"

त्यांनी मान पुढं नेली. मागं घेतली. दात उचलून आलटून पालटून धरले. "दोन्ही एकच आहेत," ते म्हणाले. "कुठलाही वेगळा नाही. हा काय खेळ आहे?"

मालकीणबाईंनी तोंडावर हात नेला. स्वयंभूरावांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्या तोंडांवरचं मात्र त्यांना नीट दिसलं असावं.

"कधीपासून?"

"वर्ष होईल," ताई म्हणाली. "तुमचे दात मीच दुरुस्त करते. इथं. म्हणून अर्धा ट्रे."

त्यांनी हातातले दात पुन्हा एकदा उजेडात धरले. मला वाटलं, आता माणूस मोडला. मी हात पुढं केला. तर म्हणाले, "म्हणजे माझ्या नावाच्या डबीत वर्षभर दुसऱ्याचं काम गेलं. तुम्ही माझ्या हातून चोरी करवलीत."

"अहो, चोरी काय!" मी ओरडलोच. "तिनं तुमची अब्रू राखली!"

"अब्रू माझी होती. राखायची की नाही, मी ठरवलं असतं. वर्षापूर्वी कळलं असतं तर वर्षापूर्वी डोळे दाखवले असते."

"मामांनी शंभरदा सांगितलं दाखवा म्हणून!" ताई म्हणाली.

"त्यांनी मत दिलं. पुरावा तुमच्याकडं होता."

काय बोलणार? खरंच होता पुरावा तिच्याकडं. हा माणूस चुकतानासुद्धा बरोबर कसा असतो, याचाच मला संताप आला.

मालकीणबाई मधे पडल्या. "पुरे आता. मोतीबिंदूच असणार, काढता येतो. डोळ्यांचं करून या. बरं वाटेपर्यंत तुमचं टेबल रिकामं ठेवते. कुणाला काढायचं ते मग बघू."

"रिकामं ठेवाल ते कुणाच्या कामावर?"

"माझ्या!" ताई त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. डोळे भरलेले आणि आवाज चिरका. "माझ्या कामावर! करतेच आहे की वर्षभर! आणि उपकार नकोत ना तुम्हाला? मग नका म्हणू उपकार. तुमच्या पाठीला पाठ लावून बसलं की माझा हात नीट चालतो. तुम्ही गेलात तर उद्या तुमच्या जागी तसलं यंत्र येईल, ते शेजारी घेऊन मला बसावं लागेल. मला ते नकोय. हा माझा स्वार्थ आहे. निव्वळ स्वार्थ. आता बोला. यात तुमच्या तत्त्वात न बसणारं काय आहे?"



इतक्या वर्षांत स्वयंभूरावांना उत्तर सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी तीन मुद्दे दिले असते. आम्ही वाट बघत राहिलो. मी तर मनातल्या मनात त्यांच्या बाजूनं मुद्दा शोधायला लागलो होतो, इतकं ते असह्य झालं. त्यांनी ताईकडं पाहिलं, जवळून, डोळे बारीक करून, एखादा रंग ओळखू येतो का बघावं तसं.

मग त्यांनी हातातले दोन्ही दात तिच्या तळहातावर ठेवले. मधल्या खोलीतून, माझ्या फळीसमोरून, ॲप्रन अंगात तसाच, वाटेतलं एक स्टूल गुडघ्यानं ढकलत ते दारापर्यंत गेले, एकदा चाचपडून कडी शोधली, आणि बाहेर पडले.