हिरव्या डोक्याचे दगड

"ताई ॲक्सिलेटरवर उभ्याच ऱ्हात्यात, साहेब. गाडी पेट्रोल पिणारच की."

बॉनेटपलीकडून मेकॅनिक पप्पांना हळू आवाजात सांगत होता. मी मागे पाण्याच्या टाकीशी हात धूत होते. मला ऐकू येणार नाही, असं दोघांनाही वाटत होतं. पप्पा नुसते हसले. मला ते हसणंच जास्त लागलं.

गॅरेज बारामतीच्या एमआयडीसीत होतं आणि आम्ही राहायचो इंदापुरात. इतक्या लांब यायचं कारण आमची जुनी पेट्रोल जीप. पप्पांनी निवृत्त झाल्यावर ती सरकारी लिलावात घेतली होती, आणि तिचं काम येणारा माणूस त्यांच्या मते हा एकच. पप्पा चालवायचे तेव्हा ती लिटरला नऊ किलोमीटर द्यायची. मग लोणी देवकरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, मला नोकरी लागली आणि गाडी माझ्याकडे आली. त्याच महिन्यात पणदऱ्याच्या आबांनी, म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावानं, मोडीत निघालेल्या एका जीपचे चार उंच टायर आणून दिले. पावसाळ्यात काळ्या रानात आमची चाकं रुतायची म्हणून. ते टायर याच मेकॅनिकनं बसवले. महिनाअखेर टाकी काठोकाठ भरून मीटरवरून हिशोब केला, तर ॲव्हरेज आठ.

"इंग्लिश शाळेत गाडीला पेट्रोल पाजायला शिकिवलं व्हय गं?" आबा भरल्या घरात म्हणाले. सगळे हसले. मला उत्तर सुचायचं, पण आधी इंग्रजीत. त्याचं मराठी होईपर्यंत माणसं दुसऱ्या विषयावर गेलेली असायची.

दोष माझाच, हे मी मान्य करून टाकलं. प्लग साफ केले, कार्बोरेटर दोनदा खोलून घेतला, टपावरचं लोखंडी कॅरियर उतरवलं. दर शनिवारी हवा तपासायची. चोक वेळेवर आत ढकलायचा. एसटी स्टँडपुढं गर्दी झाली की इंजिन बंद. मेकॅनिक एकदा म्हणाला, चपलेमुळं पायाला अंदाज येत नाही. त्या दिवसापासून मी अनवाणी चालवायला लागले. पेडलचं लोखंड उन्हाळ्यात भाजायचं. कारखान्याच्या फाटकाशी पोचल्यावर मी सीटखालून चपला काढून घालायचे आणि कुणी पाहिलं नाही ना, ते बघायचे.

सहा महिने असे गेले. ॲव्हरेज आठाच्या वर सरकलं नाही.

मग माझ्या हातात गाडी पेट्रोल खाते, या निमित्तानं आबांनी ठरवलं, जीप पणदऱ्याला न्यायची, दुधाच्या कॅनांसाठी. "पोरीला एसटी हायच की," ते म्हणाले. माझी शिफ्ट आठला सुरू व्हायची आणि एसटी तिथं पोचायची नऊला. म्हणजे नोकरी गेली. हे पप्पांना माहीत होतं. ते "बघू" म्हणाले. आमच्या घरात "बघू"चा अर्थ हो.

गाडी शेवटची एकदा गॅरेजला न्यायची, ब्रेक बघून घ्यायचे आणि तिथूनच आबा गाडी घेऊन जाणार, असं ठरलं. आबा आदल्या दिवशी इंदापूरला मुक्कामी आले. सकाळी मी चालवायला बसले, शेजारी पप्पा, मागं आबा. आबांचं बोलणं कानावर येऊ नये म्हणून मी लहानपणची सवय काढली आणि रस्त्याकडेचे हिरव्या डोक्याचे किलोमीटरचे दगड मोजायला लागले. "बारामती ४०" दिसला तेव्हा सहज गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या मीटरवर नजर गेली. "बारामती ३०" आला. मीटर पुरतं नऊ किलोमीटरसुद्धा पुढं गेलेलं नव्हतं.

दगड चुकीचा पुरला असेल, असं वाटलं. मग वाटलं, मीच चुकीचं वाचलं. सहा महिन्यांत स्वतःवर संशय घ्यायची इतकी सवय झाली होती. "बारामती २०"पाशी मी पुन्हा पाहिलं. दगडांप्रमाणे वीस किलोमीटर झाले होते, मीटरप्रमाणे साडेसतरा. गाडी तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त रस्ता कापत होती आणि मीटर ते मोजत नव्हतं.

गॅरेजमध्ये उतरल्यावर मी एका चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहिले आणि ती पप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग मेकॅनिकला विचारलं, "मीटर कमी दाखवतंय का रे?"

"दावणारच की," तो पान्यावरचं ग्रीस पुसत म्हणाला. "चाक मोठं झालं, फेरं कमी पडत्यात. मीटर फेरं मोजतंय."

"मग ॲव्हरेज?"

"ॲव्हरेज हाय तेच. नवाच्या जरा वरच आसंल."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"तुमी ॲव्हरेज कमी का म्हून इचारलं, साहेब. मीटरचं कुटं इचारलं?"

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. त्यावर लबाडी नव्हती. लबाडी असती तर बरं वाटलं असतं. त्यानं स्वतःच्या हातानं टायर चढवले होते, मीटर कमी पळणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तरीही गाडी पिते म्हटल्यावर त्याला आधी माझा पाय आठवला होता. पप्पांनाही. आणि मलाही. माझ्याही डोक्यात चाकं आली नव्हती. मी मान खाली घातली. सिमेंटवर ऑइल सांडलेलं होतं आणि त्यात माझे काळे झालेले अनवाणी पाय होते.

पप्पा चिठ्ठीची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते.

"बरं, झालं ते झालं," आबा म्हणाले. त्यांनी माझ्यापुढं हात पसरला. "आण चावी. उन्हाच्या आत पणदरं गाठतो."

मी गाडीशी गेले, सीटखालून चपला काढल्या आणि सगळ्यांसमोर पायात घातल्या. शब्द या वेळी थेट मराठीत आले, आवाज मात्र माझा मलाच अनोळखी वाटला.

"चावी देणार नाही, आबा. उद्या आठला मला कामावर जायचंय."