हवा घेणारी गाडी

माझा मोठा भाऊ इंजिनाचं दुखणं कानानं ओळखतो, असं सोनईच्या आसपास सगळे म्हणत. ते खोटं नव्हतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा आणि आत काय गेलंय ते न खोलता सांगायचा. मी त्याच्याच हाताखाली शिकलो. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. घरातली चूल त्यानं पेटती ठेवली, माझं लग्न त्यानंच लावून दिलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, याला भावाचे उपकार आठवत नाहीत. आठवतात. म्हणूनच सगळं जास्त कडू लागतं.

आमचं गॅरेज रस्त्याला लागून होतं, पत्र्याचं. मागं घर. गिऱ्हाईक सगळं जुन्या ट्रकांचं: कांदा, ऊस, मुरूम वाहणारे. नव्या गाड्यांना संगणक जोडून बघावं लागतं, त्या नगरला जातात. आमच्याकडं यायच्या त्या पान्यानं उघडणाऱ्या गाड्या.

अलीकडं दादाला कमी ऐकू यायला लागलं होतं. जन्मभर चालू इंजिनावर वाकलेल्या माणसाचं व्हायचं तेच झालं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी जेवायला हाक मारायची ती आता जवळ येऊन, खांद्याला हात लावून. पण तोंडानं कुणी बोलत नव्हतं. मी एकदा नगरच्या डॉक्टरचं नाव काढलं, तर तो म्हणाला, "माझ्या कानाची काळजी तू नको करू. तुझं काम बघ."

त्या हिवाळ्यात पारनेरकडचा एक म्हातारा ड्रायव्हर त्याचा ट्रक घेऊन आला. गाडी त्याची स्वतःची, आणि जवळजवळ माझ्या वयाची. आम्ही त्याला मामा म्हणायचो. कांदा घेऊन बाजाराला आला की आमच्याकडं चहाला थांबायचाच.

"सकाळी लवकर उठत न्हाई," तो म्हणाला. गाडीबद्दल तो असाच बोलायचा, घरच्या बैलाबद्दल बोलावं तसा. "उठली तरी थरथरती. रेस दिली की पळती चांगली, पन पाय काढला की मरती. काल चौकात दोनदा मेली. मागचे लोक शिव्या देत हुते."

दादानं गाडी चालू करायला लावली. स्लोवर, म्हणजे रेस न देता, इंजिन हेलकावे खात होतं. एका लयीत चालायचं, मग अडखळायचं, पुन्हा सावरायचं. केबिनचा आरसा थरथरत होता. मी खाली वाकून डिझेल फिल्टरच्या वरचा एअरचा स्क्रू थोडा सैल केला. डिझेलबरोबर बारीक फेस आला. फिल्टरजवळचा छोटा हँडपंप मारून हवा काढली, फेस थांबला, इंजिन शांत झालं. थोडा वेळ गेला आणि पुन्हा तेच. सैल करून बघितलं तर पुन्हा फेस.

माझ्या लेखी तिथंच निदान संपलं होतं. गाडी कुठून तरी हवा घेत होती. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात कुठंतरी चीर असली की डिझेल बाहेर गळत नाही, उलट पंप ओढतो तेव्हा हवा आत जाते. म्हणून ते डोळ्याला दिसत नाही. शोधायचा सोपा मार्ग असा की टाकीचा पाइप बाजूला करायचा आणि डिझेल भरलेल्या कॅनमधून सरळ पंपाला पुरवठा द्यायचा. इंजिन नीट चाललं तर दोष पाइपात. नाही चाललं तर पुढं सिलिंडरात डिझेल फवारणारं नॉझल, पंप, काय असेल ते.

"दादा, कॅन लावून बघू," मी म्हणालो.

त्याला ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो. एवढ्या मोठ्यानं, की पलीकडच्या चहावाल्यानंही वळून बघितलं. दादाचा चेहरा बदलला.

"ओरडतो कशाला? बहिरा झालो का मी? कॅन लाव, फेस बघ, हे शिकाऊ पोरांचं काम. सरक."

त्यानं चालू इंजिनावर नॉझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल करायला घेतले. ही जुनी, चांगली पद्धत. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाज पडतो तो सिलिंडर काम करतोय. ज्याचा सैल करून फरक पडत नाही तो लंगडा. पण हे सगळं कानावर असतं. मला प्रत्येक नटाला आवाज पडलेला ऐकू आला. सहाही सिलिंडर सारखेच चांगले, सारखेच दमलेले. दादा तिसऱ्या नटाशी थांबला. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हा. हाच मेलाय."

मी मामाकडं बघितलं. तो दादाच्या तोंडाकडं बघत होता, पुजाऱ्याच्या तोंडाकडं बघावं तसं.

नॉझल बदललं. गाडी तशीच. मग आणखी एक बदललं. मग दादानं पंप उतरवला, दुरुस्तीला पाठवला, परत आणून बसवला. प्रत्येक वेळी हवा काढल्यामुळं गाडी थोडा वेळ छान चालायची आणि दादा फडक्यानं हात पुसत मामाला म्हणायचा, "बघा." मग ती थरथरायला लागायची. मी पुन्हा एकदा कॅनचं काढलं. या वेळी हळू आवाजात, त्याच्या कानाशी. त्यानं हातातला पाना जमिनीवर टाकला आणि आत घरात निघून गेला.

शेवटी त्यानं काय केलं, तर स्लोचा स्क्रू आवळून इंजिनाची चाल वाढवून ठेवली. अशी गाडी पाय काढला तरी पटकन मरत नाही. दुखणं तसंच राहतं, फक्त झाकलं जातं. मी म्हणालो, "मामा, लोड भरायच्या आधी एकदा परत दाखवा." दादा मध्येच म्हणाला, "काही दाखवायचं नाही. झालंय काम. जावा."

मामा गेला. जाताना खिडकीतून हात हलवला.

पुढच्याच खेपेला, कांदा भरून पारनेरकडचा चढ चढताना गिअर बदलायला त्यानं पाय काढला आणि इंजिन मेलं. भरलेला ट्रक चढावर उभा. त्यानं हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि चाकामागं दगड लावायला एकटाच खाली उतरला. हँडब्रेक त्या वयाच्या गाडीचा. ट्रक हातभर मागं सरकला, तेवढाच. मागचं चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं.

आम्हाला हे कळलं ते त्याचे पुतणे जीप घेऊन गॅरेजात आले तेव्हा. दुपार होती. आई ओट्यावर गहू निवडत बसली होती, वहिनी दारात उभी होती.

"कुनी केलंय त्या गाडीचं काम?" थोरल्या पुतण्यानं विचारलं.

दादा इंजिनावरून उठला. फडकं घेतलं, हात पुसले. सावकाश पुसले. आणि म्हणाला, "धाकट्यानं केलंय. माझ्याकडं दुसरं काम होतं. मी याला सांगत होतो, कॅन लावून बघ. यानं ऐकलं नाही."

माझंच वाक्य. शब्दाला शब्द. म्हणजे त्याला ते नुसतं ऐकू आलं नव्हतं, पटलंही होतं.

मी म्हणालो, "दादा, काय बोलतोस?" एवढंच. तेवढ्यात पुतण्याचा हात माझ्या तोंडावर बसला. मग दुसऱ्याचा. मी जॅकवर पडलो. दादा त्यांना थोपवत होता, "जाऊ द्या, चुकला तो, पोरगं आहे." मी दोन मुलांचा बाप. आई ओट्यावरून उठली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग दादाकडं, आणि परत खाली बसली. चूल कोण चालवतं हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं पारनेरकडं गेलो. ट्रक चढाच्या खाली, एका हॉटेलच्या आवारात लावलेला होता. धाकटा पुतण्या तिथं होता. मारायला उठला, मग माझ्या हातातला कॅन बघून थांबला. मी कॅन जोडला. इंजिन पहिल्या झटक्यात उठलं आणि स्लोवर असं चाललं, की आरसासुद्धा हलेना. पाइप काढून बघितला. टाकीजवळ जिथं क्लिपनं चेसिसला बांधलेला असतो तिथं क्लिपचं रबर कधीचं गळून गेलं होतं, पाइप लोखंडावर घासत होता, आणि चिखलाखाली केसाएवढी चीर होती. मी तेवढा तुकडा बदलला, रबर घातलं, कॅन काढून टाकीचा पाइप जोडला. अर्ध्या तासाचं काम. पुतण्या म्हणाला, "हे आधी का न्हाई केलं?" त्याला काय सांगू? सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि थुंकला. माझ्यावर की नुसताच, ते कळलं नाही.

तिथून दवाखान्यात गेलो. मामाचा पाय घोट्याच्या वरून काढलेला. मी कॉटजवळ उभा राहिलो तर तोच म्हणाला, "बस."

"गाडी आता मरत नाही," मी म्हणालो.

"म्हनला पुतन्या. चांगलं झालं. मी काय करू त्येचं?" मग तो म्हणाला, "पाना कुनाच्या हातात हुता ते मी बघत हुतो. मी काय आंधळा न्हाई."

"मग पुतण्यांना सांगा तसं."

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "तुजा भाऊ सकाळी येऊन गेला. दवाखान्याचं समदं तोच बघनार हाय. तू काय बघनार? तुज्याकडं काय हाय? मला गप ऱ्हाऊ दे."

त्याचा मला राग आला नाही. त्याच्या जागी मीही भिंतीकडंच बघितलं असतं.

पुढच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी दादासाठी प्रार्थना केली. दादा मंडळीचा पंच होता, चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी. धाकट्या भावाच्या चुकीचा भार आपल्या खांद्यावर घेणाऱ्या या बंधूला प्रभू बळ देवो, असं ते म्हणाले. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मी बायको-मुलांबरोबर मागच्या बाकावर होतो. दादा पुढं मान खाली घालून बसला होता, आणि त्याच्या मानेकडं बघून कुणालाही वाटलं असतं, की हा माणूस खरंच काही सोसतोय. कदाचित सोसतही असेल. प्रार्थना संपल्यावर लोक त्याच्याशी हात मिळवायला गेले आणि माझ्या जवळून जाताना नजर चुकवून "सलाम" म्हणाले.

त्याच महिन्यात आम्ही कर्जतला आलो. इथं मी दुसऱ्याच्या गॅरेजात काम करतो. सुरुवातीला मालकानं विचारलं, "सोनईच्या गॅरेजातल्या गाडीनं पाय गेलेला तो माणूस, ते तुमच्याच हातून ना?" एवढ्या लांब पोचलं होतं. मी नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही, पण माणसांची टंचाई होती म्हणून ठेवून घेतलं.

आई गेली तेव्हा सोनईला गेलो. कबरस्तानात दादानं आणि मी शेजारी उभं राहून माती टाकली. आता त्याच्या कानात मशीन होतं, छोटंसं, कातडीच्या रंगाचं. मातीवरून परत येताना त्यानं माझा दंड धरला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "दुपारच्या जेवणाला थांब. वहिनीनं केलंय सगळ्यांचं."

मी थांबलो नाही. एसटीत बायको म्हणाली, "अहो, आता माफ करून टाका. तेही थकले."

"माफी मागू दे की," मी म्हणालो.

तिनं खिडकी लावून घेतली. धूळ फार येत होती.