मी सांगत आलो ती थापड

अहिंसेवर बोलायला कुठं बोलावलं, की माझी ओळख करून देणारा हमखास त्या थापडेपाशी येतो. ‘यांनी भर पोळ्यात सख्ख्या भावाची थापड खाल्ली, पण हात उचलला नाही,’ असं तो म्हणतो आणि लोक आदरानं बघतात. मी मान खाली घालून बसतो. त्या नम्रपणाचा मला आता राग येतो.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या बाजूचं. पोळ्याला गावातल्या साऱ्या बैलजोड्या तोरणाखाली ओळीनं उभ्या राहायच्या आणि पहिली जोडी आमच्या घरची असायची. तो आमचा मान. आमची जोडी आल्याशिवाय तोरण तुटत नसे. गावाबाहेरच्या वस्तीतही दोन जोड्या होत्या, पण वस्तीतल्यांनी ओळीत यायचं नाही, गाव पांगल्यावर बैल फिरवून न्यायचे, असा रिवाज होता. तो कुणी लिहून ठेवला नव्हता, तरी सगळे पाळत होते.

मी तेव्हा खामगावला कॉलेजात होतो. तिथं आमचा एक गट जमला होता. जग बदलायच्या गप्पा नंतर, आधी तुझ्या घरातलं तू काय सोडतोस ते सांग, असं तिथं विचारत. सगळ्यांसमोर मी म्हणालो, पोळ्याचा मान सोडतो. बोलून तर बसलो, पण घरी सांगायची छाती होईना.

घरात थोरला भाऊ होता. वडील लवकर गेले, तेव्हापासून बाप तोच. स्वतः दहावीला शाळा सोडून त्यानं मला शिकवलं. ‘काऊन बे, जेवला का?’ हे दिवसातून तीनदा विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्या पोळ्याला मी म्हणालो, ‘भाऊ, आज बैलं मी नेतो.’ तो हरखला. नवा कासरा त्यानं स्वतः माझ्या हातात दिला. सत्याग्रह करायचा तर समोरच्याला आधी सांगावं लागतं, एवढं मला गटात शिकवलं होतं. मी सांगितलं नाही, सरळ फसवलं. बैल पुढं न नेता वस्तीतल्या दोन जोड्यांना सोबत घेतलं आणि ओळीच्या अगदी शेवटी जाऊन उभा राहिलो.

पुढं डफडं वाजत होतं, सारं गाव खोळंबलं होतं. भाऊ ओळ कापत आला. ‘इथं काऊन उभा हाये बे? चाल पुढं.’

‘नाही भाऊ. आज आपली जोडी शेवटी राहीन.’

त्यानं थापड मारली. सगळ्या गावासमोर. मी हात उचलला नाही हे खरं आहे. पण त्यात अहिंसा कसली? भावावर हात उचलायचं जन्मात कधी मनात आलं नव्हतं, त्या दिवशी तरी कुठून येणार?

कासरा माझ्या हातून सुटला. बैल बुजले. भावानं झेप घेऊन त्यांना धरलं. आता हा जोडी ओढत पुढं नेणार, असंच सगळ्यांना वाटलं. पुढून पाटलांनी हाकही मारली. भाऊ हलला नाही. वस्तीतल्या जोड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि ओरडून म्हणाला, ‘तोडा तोरण! माहे बैलं हायेत तिथं बरे हायेत.’ तोरण तुटेपर्यंत तो कासरा धरून शेवटी उभा राहिला. वस्तीतले बैल त्या दिवशी पहिल्यांदा गावासोबत तोरणाखालून गेले, ते भाऊ तिथं उभा होता म्हणून. मी एकटा असतो तर आम्हाला हाकलून दिलं असतं.

त्यानंतर मी पूर्णवेळ चळवळीत आलो. लोणारला धरणं, साखरखेर्ड्याला पदयात्रा, जागोजागी शिबिरं. शिबिरात मी पोळ्याची गोष्ट सांगू लागलो. सुरुवातीला पूर्ण सांगायचो. मग एकदा वेळ कमी होता म्हणून थापडेवर थांबलो, आणि टाळ्या जास्त पडल्या. पुढं भावाचं ते उभं राहणं गळालं ते गळालंच. खरं सांगायचं तर ते सांगितलं की माझं मोठेपण निम्मं व्हायचं.

एका भाषणाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला. भावाची मुलगी बुलढाण्याला होस्टेलवर होती. तिच्या वर्गात तो बघितला गेला. एकीनं विचारलं, ‘हा मारणारा तुहा बाप का?’ तिनं घरी येऊन काही भांडण केलं नाही. फक्त बापाशी बोलणं सोडलं, फोन आला की आईशीच बोलायची. आणि भावानं माझ्याशी बोलणं सोडलं. या गोष्टीला आता चार वर्षं झाली. हजार माणसांच्या सभेत असतो, चहापाण्याची विचारपूस होते, आणि मला मात्र ‘काऊन बे’ ऐकायची भूक लागलेली असते. ही भूक कुणाला सांगताही येत नाही.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरी गेलो. अंगणात भाऊ हळद-तुपानं बैलांचे खांदे मळत होता. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या,’ असं बैलांना हळू आवाजात म्हणत होता. मी समोर उभा होतो. माझ्याकडे त्यानं मान वर करून बघितलं नाही.

मी म्हणालो, ‘भाऊ, आता शिबिरात सगळं सांगतो. तू शेवटी उभा राह्यला तेही.’

उत्तर वहिनीनं दिलं. ‘जगाले सांगता भाऊजी. आमच्या पोरीले कवा सांगसान?’

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. तिथंच उभ्या उभ्या पुतणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फसवून बैल नेले ते, थापड, बुजलेले बैल, ‘तोडा तोरण’ म्हणून भाऊ ओरडला ते, आणि मी हे का गाळलं तेही. भाऊ दुसऱ्या बैलाकडे वळला होता, पण हात थांबले होते.

पुतणीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, ‘काका, बाबानं मले हे कधीच काऊन नाही सांगितलं?’

आणि लगेच ती म्हणाली, ‘बाबाले द्या फोन.’

भावाचे दोन्ही हात हळदीतुपानं माखलेले होते. मी फोन त्याच्या कानाला लावून धरला, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.